चालीचा रकाना

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर काय करता ते लिहून ठेवत चला, म्हणजे निदान तुम्हाला तरी कळेल." हा टोमणा होता हे मला घरी आल्यावर कळलं. पण वही आणून झाली होती, म्हणून लिहितो.

मी ज्या केंद्रात काम करतो तिथे हाडं मोडलेली माणसं प्लास्टर निघाल्यावर व्यायामाला येतात. मॅडम त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात आणि मी दारासमोरच्या टेबलावर बसून नोंदी करतो. एकोणीस वर्षं करतो आहे. गेल्या आठवड्यात वरून नवा फॉर्म आला, सगळा इंग्रजीत. नाव, वय, कोणतं हाड, आणि शेवटचा रकाना 'गेट'. त्याचं स्पेलिंग मला जरा विचित्र वाटलं, पण छापखान्याची चूक असणार म्हणून मी मोठ्या मनाने सोडून दिलं आणि रकाना भरायला घेतला. अकरा रुग्णांपुढे 'मेन' लिहिलं. दोघं चाकाच्या खुर्चीतून मागच्या उतारावरून आले होते, त्यांच्यापुढे 'बॅक'. एका आजोबांपुढे 'साइड' लिहून मी खाली टीपही दिली, की त्या दिवशी मेनला कुलूप होतं.

मॅडमनी तो गठ्ठा वाचला आणि त्यांना खुर्चीत बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, हा गेट म्हणजे फाटक नव्हे. हा गेट म्हणजे चाल! माणूस चालतो कसा, ते."

दुपारपर्यंत सगळं केंद्र मला 'फाटकसाहेब' म्हणू लागलं. माझं आडनाव फाटक नाही. पण आता ते सांगण्यात अर्थ नाही.

४ मार्च, मंगळवार

मॅडमनी नीट समजावून सांगितलं. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण समजावतात ते मी त्यांच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान असल्यासारखं.

"रुग्ण माझ्या खोलीत आला की परीक्षेला बसल्यासारखा चालतो. त्याची खरी चाल असते ती दारापासून तुमच्या टेबलापर्यंत, कारण तुमच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तेवढी बघायची आणि लिहायची. तीन शब्द पुरतील. नीट चालत असेल तर नॉर्मल, लंगडत असेल तर लिंप, काठी असेल तर स्टिक."

तीन शब्द! एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझ्या नजरेवर कुणी विश्वास टाकला, आणि मी तीन शब्दांत आटपू?

५ मार्च, बुधवार

लेकीचा कॉलेजातला जाडजूड शब्दकोश घेऊन बसलो. इंग्रजीत चालण्याला किती शब्द असावेत? मी सत्तावीस उतरवले आणि थकलो. या लोकांना चालण्याशिवाय दुसरं काम नव्हतं की काय कोण जाणे. पाय घासत चालणं म्हणजे शफल. बदकासारखं डुलत चालणं म्हणजे वॉडल. चवड्यांवर चालणं म्हणजे टिपटो. रमतगमत चालण्याला तर दोन-तीन आहेत, स्ट्रोल, सॉन्टर आणि अँबल, म्हणजे रमतगमत जाणाऱ्यालाही आधी ठरवावं लागणार की आपण नक्की कशातलं करतोय. चिखलातून पाय ओढल्यासारखं चालणं म्हणजे ट्रज. छाती काढून ऐटीत चालणं म्हणजे स्वॅगर. झोकांड्या खात, पिऊन आल्यासारखं चालणं म्हणजे स्टॅगर.

हे शेवटचे दोन जुळ्या भावांसारखे आहेत. एखाद्याचा घोळ व्हायचा. पण माझी स्मरणशक्ती लहानपणापासून चांगली आहे, आई सगळ्यांना सांगायची.

लेक म्हणाली, "बाबा, मॅडमनी तीनच सांगितलेत ना?" मी म्हटलं, "बाळ, हौसेला मोल नसतं." ती म्हणाली, "मोल नसतं, पण अक्कल लागते." हल्लीच्या मुलींना काही बोलायची सोय नाही.

७ मार्च, शुक्रवार

आता रस्त्याने जाताना मला माणसं दिसतच नाहीत, नुसत्या चाली दिसतात. वाण्याच्या दुकानातला जाडा ट्रज. समोरच्या खिडकीतल्या काकू टिपटो, कारण फरशी ओली. पोस्टमन ढेंगा टाकत जातो, त्याचा शब्द स्ट्राइड. बँकेतल्या रांगेत उभ्या उभ्या मी एका गृहस्थांच्या पायांकडे इतका वेळ पाहिलं, की त्यांनी बुटांची नाडी तपासली आणि मग माझ्याकडे संशयाने पाहत रांग बदलली.

आज संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. मी कौतुकाने म्हटलं, "वा, काय सुरेख वॉडल करतेस तू."

तिला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी मी काही बरं बोललो होतो. पदर सारखा करून तिने लेकीला विचारलं, "वॉडल म्हणजे काय गं?"

लेकीने सांगितलं.

१० मार्च, सोमवार

अबोल्याचा तिसरा दिवस. डब्यात रोज एकच भाजी आहे, आणि माझ्या मनासारखी नाही. शब्दकोशात 'बदक' हा शब्दच नसता तर बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

आज मन प्रसन्न आहे. (हिने सकाळी "छत्री घ्या" एवढं म्हटलं. पाऊस नव्हता, पण बोलणं झालं.)

आज ड्रायव्हरसाहेबांची शेवटची भेट होती. हे गृहस्थ शहराच्या बसवर ड्रायव्हर आहेत. सहा महिन्यांपूर्वी डेपोच्या जिन्यावरून घसरून उजव्या नडगीचं हाड मोडलं. पहिल्या दिवशी दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून आले होते. व्यायाम करताना दुखलं की ओठ दाबून धरायचे आणि गेल्या आठवड्यापासून, बाकीच्यांचं ऐकून, वर मलाच विचारायचे, "फाटकसाहेब, चहा झाला का?" त्यांना खरंच वाटतं माझं आडनाव फाटक आहे.

आज ते दारातून आले तेव्हा काठी नव्हती. खांदे मागे, छाती पुढे, मान ताठ, पावलं अशी पडत होती की लादीनेही बाजूला सरकावं. टेबलापाशी येऊन म्हणाले, "काय, दिसतंय ना?" मी म्हटलं, "दिसतंय म्हणजे काय! राजासारखे आलात."

त्यांचा अहवाल बसच्या वैद्यकीय मंडळाकडे जायचा होता, त्यावर त्यांना पुन्हा गाडी मिळणार. असल्या माणसापुढे 'नॉर्मल' लिहायचं म्हणजे त्याचा अपमान. त्या ऐटीला साजेसा शब्द हवा होता, आणि काय सांगू, वहीसुद्धा उघडावी लागली नाही. शब्द आपणहून धावत आला. 'स्टॅगर' लिहिलं. नुसतं नाही, 'स्टॅगर करत खोलीत आला' असं पूर्ण वाक्य लिहिलं, व्याकरणासकट. मॅडमच्या सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. त्या घाईत होत्या, एकामागून एक सह्या केल्या.

आज समाधानाने झोप लागेल.

१९ मार्च, बुधवार

ड्रायव्हरला गाडी मिळाली नाही!

आज ते आले ते मला आधी ओळखूच आले नाहीत. भिंतीच्या कडेने आले, टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हातात मंडळाचं पत्र. "केंद्राचा अहवाल व रुग्णाची चाल विचारात घेता सदर कर्मचारी स्टिअरिंगवर बसण्यास अपात्र." त्यांना बस धुण्याच्या जागी पाठवलं आहे. रबराची नळी धरून उभं राहायचं.

मी म्हटलं, "अहो, तुमची चाल तर मी स्वतः पाहिली."

"पाहिलीत ना? मग असं कसं झालं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि डेपोत आता निराळंच चाललंय. सगळे म्हणतात, याचं पाऊल वाकडं पडलं. घरी बसून प्यायला लागला. आयुष्यात थेंब नाही घेतला हो मी. कुठून काढलं असेल लोकांनी?"

लोकांना उद्योग नाहीत, दुसरं काय! मी त्यांना तसं सांगितलंही. खुर्चीत बसून माणसांची आयुष्यं फिरवणारे हे मंडळवाले एकदा तरी समोर उभ्या माणसाकडे डोळे उघडून बघतात का? कागद वाचतात आणि शिक्का मारतात. मी असतो त्या जागी तर आधी अहवाल नीट वाचला असता.

२० मार्च, गुरुवार

रात्रभर तळमळलो. या अन्यायाविरुद्ध मीच अर्ज लिहायचं ठरवलं. ड्रायव्हरच्या नावाने, पण लेखणी माझी. इंग्रजीत लिहिला, म्हणजे त्यांना वचक बसेल.

अर्ज फार जमून आला आहे. त्यात मी ठणकावून म्हटलंय, की हा माणूस नुसता चालत नाही, तो स्टॅगर करतो. आमच्या अहवालात तसं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण तिकडे दुर्लक्ष केलंत. आमच्या केंद्रात त्याच्याइतकं सुरेख स्टॅगर करणारा दुसरा रुग्ण नाही. आणि शेवटी: गाडी हाती दिलीत तर हा भरगर्दीच्या रस्त्यावर, सर्व प्रवाशांसमोर, असंच करून दाखवील.

ड्रायव्हरनी न वाचता सही केली. म्हणाले, "इंग्रजी मला नाही समजत. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार."

हिला मी अर्ज वाचून दाखवला. तिलाही समजलं नाही, पण म्हणाली, "दुसऱ्यासाठी धडपडताय, हे एक बरं करताय." अबोला संपला.

३१ मार्च, सोमवार

अर्जाला उत्तर आलं. या वेळी केंद्राच्या पत्त्यावर, चार ओळी. "अर्जदाराने स्वतःच आपली चाल स्टॅगरिंग असल्याचे तीन ठिकाणी मान्य केले आहे. असे असताना तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हे समजून येत नाही. मद्यपानाची शंका नाकारता येत नाही."

मी संतापलो. म्हटलं, यांना इंग्रजी येत नाही आणि मंडळावर बसलेत! पुराव्यासाठी माझी वही काढली, की शब्दाचा अर्थ त्यांच्या तोंडावर फेकावा. पान उघडलं. माझ्याच अक्षरात, एकाखाली एक.

स्वॅगर, ऐटीत.

स्टॅगर, झोकांड्या खात, पिऊन आल्यासारखं.

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला आज कळलं. मी बराच वेळ टेबलाची कड धरून बसलो होतो. मॅडमनी जाता जाता विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "पित्त."

लोकांनी कुठून काढलं, म्हणे. माझ्या वहीतून काढलं. डेपोत कुणीतरी इंग्रजी जाणणाऱ्याने तो अहवाल वाचला असणार आणि पुढचं पसरायला वेळ कशाला लागतोय. आणि मी शहाणा, अर्ज लिहून तेच पुन्हा तीनदा शपथेवर सांगून आलो. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. मी दुसऱ्याच्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या पायावर मारला.

१ एप्रिल, मंगळवार

कुणालाही सांगितलेलं नाही.

दिवसभर स्वतःशी वाद घातला. एक मन म्हणतं सांग. दुसरं म्हणतं, सांगून काय, त्याला गाडी थोडीच मिळणार आहे, उलट मॅडमची सही आहे त्यावर, त्यांनाही त्रास. मला मॅडमची इतकी काळजी याआधी कधी वाटल्याचं आठवत नाही.

शिवाय लोक हसतील. मेन गेटवर हसले ते मी सहन केलं, कारण त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर मग हिशेबाची वही काय वाईट.

दुपारी मॅडम जेवायला गेल्यावर मी आमच्या फायलीतली अहवालाची प्रत काढली. एका अक्षराचा प्रश्न आहे. एक अक्षर खोडलं आणि दुसरं घातलं की झोकांडीची ऐट होते. मग म्हणता येतं, आम्ही बरोबरच पाठवलं होतं, तुमच्याकडेच काही घोटाळा. व्हाइटनरची बाटली हलवून टोपण काढलं आणि एवढ्यात ड्रायव्हर दारात.

मी प्रत पुठ्ठ्याखाली सारली. बाटली हातातच राहिली. त्यांनी विचारलंही नाही. आज आपणहून बसले.

"फाटकसाहेब, गाडीचं सोडा. नसेल नशिबात तर धुतो गाड्या." मग दाराकडे बघत म्हणाले, "बायको माझ्या तोंडाचा वास घेते."

मी बाटलीचं टोपण टेबलावर चाचपलं.

"तिला वाटतं मला कळत नाही. दुपारी मी आडवा झालो की हळूच येते, उशी सारखी करायच्या निमित्ताने वाकते. पाणी द्यायला आली की उगाच जवळ उभी राहते. डेपोतल्या कुणाच्या तरी बायकोने तिच्या कानावर घातलं असणार. तिचे वडील प्यायचे हो. तिचं सगळं लहानपण त्यात गेलं. लग्न ठरताना तिने मला एकच प्रश्न विचारला होता, तुम्ही घेता का? मी नाही म्हटलं. त्यावर एकवीस वर्षं चालली आमची."

"मग तुम्ही बोला ना तिच्याशी."

"काय बोलू? न विचारता 'मी पीत नाही' असं कोण सांगतं? पिणाराच ना?"

ते गेले. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. व्हाइटनर हातात वाळून बोटं चिकटली होती.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "तुमच्या एका अक्षरापायी ती बाई नवऱ्याचं तोंड हुंगते, आणि तुम्ही इथे माझ्यापुढे तोंड पाडून बसलात?"

३ एप्रिल, गुरुवार

मॅडमना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी वही मागितली, ते पान वाचलं, मग सत्तावीसच्या सत्तावीस शब्द वाचले. म्हणाल्या, "सही माझी आहे. न वाचता केली. तुम्ही तीन शब्द सोडून सत्तावीस शोधलेत, आणि मी एक वाचायला थांबले नाही." मंडळाला फोन केला. मंगळवारी फेरतपासणी, अहवाल लिहिणाऱ्याने सोबत यायचं. वर, मी काय झालं ते लेखी द्यायचं. मी लेखी दिलं. मराठीत, दोन ओळी. एवढं लहान मी पूर्वी काही लिहिलेलं नाही.

मग ड्रायव्हरना बोलावून घेतलं. मला वाटत होतं, निदान एक शिवी तरी घालतील. त्यांनी दोन्ही शब्दांचे अर्थ विचारले. मी सांगितले.

"दोघांत फरक किती?"

"एका अक्षराचा."

"इंग्रजीत?"

"हो."

"आणि डेपोत?"

मी वही मिटली. ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि उठताना एवढंच म्हणाले, "मंगळवारी वेळेवर या."

८ एप्रिल, मंगळवार

सगळं आजच लिहितो, नाहीतर उद्या मी यात माझं कौतुक घुसवीन.

मॅडमही सोबत आल्या होत्या. मंडळाचे डॉक्टर वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. मी त्यांना मनात बऱ्याच शिव्या दिलेल्या असल्यामुळे त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी ड्रायव्हरचा पाय दाबून पाहिला, वाकवला, रक्ताचा नमुना आधीच घेतलेला होता, तो स्वच्छ निघाला होता. म्हणाले, "पाय उत्तम आहे. आता चालून दाखवा. त्या कपाटापर्यंत."

ड्रायव्हर उभे राहिले. खोली दहा-बारा पावलांची. तीन माणसं बघतायत. आणि ते चालले ते असे: नजर खाली, प्रत्येक पाऊल आधी चाचपून, मग टाकून, हात अंगाला चिकटलेले. कपाटापाशी वळताना कपाटालाच धरलं. महिनाभर लोक म्हणत होते हा नीट चालत नाही, आणि आता खरंच तो नीट चालत नव्हता.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं म्हणणं, त्या दिवशी हे ऐटीत आले होते."

"हो."

"हे असे?"

"नाही साहेब. हे माझ्या अहवालानंतरचं आहे."

"मग त्या दिवशीचं कसं होतं? शब्द नकोत मला. तुमचे शब्द मी वाचलेत."

आता आली का पंचाईत! सत्तावीस शब्द पाठ असलेला मी, त्यातला एकही तोंडातून काढायची सोय नाही. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी उठलो, दारापाशी गेलो आणि चालून दाखवायला लागलो. खांदे मागे टाकले, पोट आधीच पुढे होतं, छाती त्याच्या पुढे काढायचा प्रयत्न केला. मान ताठ केली, त्यामुळे जमीन दिसेना. तिसऱ्या पावलाला माझी चप्पल गालिच्याच्या कडेत अडकली आणि मी टेबलाच्या दिशेने जे काही केलं, त्याला इंग्रजीत अचूक शब्द आहे. तोच.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. डॉक्टरांनी शाईची बाटली वाचवली. आणि मागून ड्रायव्हरचा आवाज आला, "ओ फाटकसाहेब! काय करताय? असा चालेन का मी? असा चाललो असतो तर त्याच दिवशी दुसरी नडगी मोडून घेतली असती!"

"मग कसे आला होतात?"

"बसा खाली. हे बघा." आणि ते दारापाशी गेले, वळले आणि चालत आले. मला दाखवायला. डॉक्टर, मंडळ, गाडी, सगळं विसरून, एका ढ माणसाला एक सोपी गोष्ट शिकवायला. "खांदे ओढायचे नाहीत. खांदे आपोआप जातात. टाच आधी. हां. बघितलंत?" परत गेले, परत आले. लादी पुन्हा बाजूला सरकू लागली होती.

डॉक्टर म्हणाले, "पुरे. बसा." त्यांनी काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. मी त्यांचा कागद वाचायचा प्रयत्न केला नाही. सोमवारपासून गाडी.

बाहेर जिन्यात ड्रायव्हरनी तो कागद दोनदा घडी करून खिशात घातला. मी म्हटलं, "आता घरी जा, आनंदाची बातमी द्या."

"मी दिली तर काय होईल? 'हे सुटले' असं म्हणेल मनात. पिणारेही सुटतातच की." मग माझ्या दंडाला धरलं. "तुम्ही या. जे केलंत ते तुमच्या तोंडाने सांगा."

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दारात चपला एका रेषेत. बायको बारीक चणीची, कपाळावर आठी. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली. मी सांगायला लागलो. गेटपासून सांगितलं, म्हणजे मेन, बॅक आणि साइडपासून, कारण त्याशिवाय मी किती मूर्ख आहे याचा तिला अंदाज आला नसता. वही दाखवली. दोन शब्दांवर बोट ठेवलं. अर्जात मी काय लिहिलं तेही सांगितलं. ती एकदाही हसली नाही.

माझं बोलणं संपल्यावर तिने वही मिटून मला परत दिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं? मी... दुपारी..."

"हो. जागाच असायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं का नाहीस?"

तिने पदराचं टोक हातात घट्ट धरलं. "विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी कुठे गेले असते?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण दाराच्या वाटेत ड्रायव्हरच उभे होते. ते म्हणाले, "आधी ओरडली असतीस ना माझ्यावर? तेवढं तरी करायचंस. महिनाभर या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही."

तिने हातातलं पदराचं टोक सोडलं. आणि मग ओरडली. काय ओरडली! शेजारच्या दाराची कडी वाजली. पहिली पाच मिनिटं माझ्या वाट्याला आली. सुशिक्षित म्हणवता, येत नाही तर इंग्रजी लिहिता कशाला, तुमच्या हौसेपायी माझ्या घराला कुलूप लागलं असतं. मी मान खाली घालून सगळं ऐकलं, कारण त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. नंतर डेपोतल्या त्या बायका, मग मंडळ, मग सहीची मॅडम, आणि उरलेलं सगळं, जवळजवळ अर्धा तास, नवऱ्यावर. जिन्यात नीट बघून का चालला नाहीत इथपासून ते एकवीस वर्षांपर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायला थांबत नव्हती.

तो भिंतीला पाठ लावून उभा होता, पाय सैल सोडून, आणि ऐकत होता. मध्येच ती दम घ्यायला थांबली, तर म्हणाला, "अजून बोल."